बेवारस पानांचा नवा पत्ता

१ सप्टेंबर
राजापेठेत आज पहिला दिवस, आणि मी भल्ली खूश आहे. ऑफिस म्हणजे ट्यूशन क्लासच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली पोरांच्या गाड्यांची अशी गर्दी, की स्कुटी लावायला रोज भांडावं लागणार. लागू दे, भांडण मला जमतं. आईला अकोल्याला एकटीला सोडून आले, तेवढंच वाईट वाटतं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मोठी खोली मिळाली की तिला इकडेच आणते.

आमचे मालक गौरांगभाऊ. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे गुरुजींनी, फार वर्षांपूर्वी श्राद्धतिथींची वेबसाइट काढली होती. गेलेल्या प्रत्येकाचं एक पान: नाव, गाव, तिथी, मरण कसं आलं, आणि खाली श्राद्ध कोण घालतं त्याचं नाव. वऱ्हाडात कोणीही श्राद्धाची तिथी शोधली की सर्चमध्ये हीच साइट पहिली. गेल्या वर्षी गुरुजी वारले. आता भाऊंना साइट नव्या नावावर न्यायची आहे, पण पहिला नंबर हलता कामा नये. म्हणून प्रत्येक जुन्या पानाला त्याच्या नव्या पानाचा पत्ता जोडायचा. जुन्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर पोचतो, आणि त्याच्या मागून सर्चही येतो. घर बदललं की आपण पोस्टमनला सांगतो, तसंच.

५ सप्टेंबर
काम सुसाट चाललंय. एकच भानगड झाली, ज्यांना नवं पानच नाही अशी काही पानं उरली. कोणाचा खून झालेला, कोणी यंत्रात सापडलेलं, मागं रडायला कोणी नाही अशी माणसं. सिंधूताई गुरुजींच्या काळापासून इथं फोन घेतात. त्या म्हणाल्या, की घातानं गेलेल्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीलाच होते, आणि या बेवारसांचं गुरुजी स्वतः घालत, म्हणून पानाखाली नाव गुरुजींचं. त्यायले कोणीच नाई वं पोरी, काहून घाई करून राहिली, चतुर्दशीपर्यंत राहू दे त्यायले जुन्या जागी, असं त्या दोनदा म्हणाल्या. भाऊ म्हणाले, जुनी पानं फुकट घालवायची नाहीत, कुठंही जोड.

नियमानं त्यातल्या त्यात जवळच्या पानाला जोडायला हवं होतं. मी कंटाळले, आणि सगळीच्या सगळी आमच्या कर्मचाऱ्यांच्या पानाला जोडून टाकली. तिथं आम्हा तिघांचे फोटो आहेत. म्हटलं, चार माणसं जास्त येतील, आणि आईला आपली पोरगी सर्चमध्ये वर दिसेल.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला, साइट हलली, पहिला नंबर जागच्या जागी. भाऊंनी पेढे आणले. पितृपक्षात पेढे आणतात का कोणी, म्हणून सिंधूताईंनी त्यांना झापलं आणि वर दोन खाल्ले.

११ सप्टेंबर
सगळ्यात जास्त लोक कर्मचाऱ्यांच्या पानावर येताहेत. येतात आणि जात नाहीत, पान उघडं ठेवून बसून राहतात. साइटवर निरोपही येताहेत. नाव नाही, नंबर नाही, नुसतं ‘पोचलो’. भाऊ म्हणाले, पोरांचा चावटपणा असेल. मला बरं वाटत नाहीये.

१३ सप्टेंबर
सिंधूताईंना कापलं. दुपारी मी खाली चहा सांगायला गेले, परत आले तर त्या खुर्चीतच होत्या. गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडा. रक्त कीबोर्डवरून टेबलाखाली गळत होतं. टेबलभर ओल्या काळ्या मातीचे हात उमटले होते. पोलिसांनी मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं.

खोलीवर येऊन ती उरलेली पानं पहिल्यांदा वाचली. सुभद्रा, अंजनगाव सुर्जी. कपाशीच्या वावरात दिरानं विळ्यानं गळा चिरला.

१५ सप्टेंबर
गौरांगभाऊ. भरदिवसा, जिन्यात, माझ्यासमोर. दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा उजवा हात एकाएकी ताणला गेला. बाही पिळली, मग मांस पिळलं, मग हात खांद्यातून उपटला गेला. भाऊ ओरडत होते, मग थांबले. भिंतीवरच्या रक्तात तुरीचा भुसा चिकटला होता.
देवमनचं पान — मळणी यंत्र, उजवा हात.

१६ सप्टेंबर
उरले मी. पुढचं पान जयवंताचं, धारणी. नवऱ्यानं कुऱ्हाड घातली, तोंडावर.
सगळे पत्ते तोडले. उपयोग नाही. सर्चमध्ये ‘जयवंता धारणी’ टाकलं की माझाच फोटो. सर्चनं नवा पत्ता एकदा धरला की लवकर सोडत नाही. भाऊंना हेच तर हवं होतं.

१८ सप्टेंबर
कर्मचाऱ्यांचं पानच उडवलं. माझा फोटो गेला. सुटले. पोटभर रडले.

१९ सप्टेंबर
आईचा फोन. फाटकापाशी एक बाई उभी आहे. तोंडावर पदर, बोलत नाही. पदराखालून रक्त गळून राहिलं म्हणते.
सर्च पाहिला. पान गेलं की तो जवळचं दुसरं शोधून दाखवतो. जयवंता धारणी — आईचा फोटो. आम्हा दोघींचा, तिनंच स्वतःच्या पानावर टाकलेला, मला नोकरी लागली म्हणून.
दार उघडू नको म्हटलं तिला. ती म्हणते, बिचारीले पाणी तरी देऊ दे.
माझं पान परत टाकलं, जयवंताचं जुनं पान पुन्हा त्यालाच जोडलं. सर्चनं उचलायला हवं — उचल ना बाप्पा —

२० सप्टेंबर
घातचतुर्दशी. सगळ्यांच्या नावानं पिंड ठेवला. कावळा शिवला नाही.
जयवंता धारणी. आई.
परत. आईच.
बाई फाटकाच्या आत आली म्हणते —
परत. आई.
परत —
मी. माझा फोटो.
आई म्हणते, गेली. दारापर्यंत आली होती, तशीच वळली. मी जेवले का विचारते. हो म्हटलं.
जिन्यात पाय वाजताहेत. दार सताड उघडं ठेवलंय. बंद दिसलं तर ती परत अको