रिबवरच्या तिरप्या रेघा

सर,

आपणांस ‘पूज्य’ म्हणावे किंवा कसे, हा प्रश्न माझ्या दरबारी कित्येक वर्षे प्रलंबित आहे. आपण दिवंगत झालात म्हणून तो निकाली निघाला, असा गैरसमज कृपया नसावा.

दुष्काळाचे वर्ष. नगरच्या त्या पत्र्याच्या ड्रॉइंग हॉलमध्ये बेलापूरकडच्या साखर कारखान्याचे इंजिनिअर एका ड्राफ्ट्समनची निवड करायला येणार आहेत. आदल्या संध्याकाळी आपण माझी शीट न्याहाळलीत, कोपऱ्यात सही ठोकलीत आणि म्हणालात, “लेका, जागा तुझीच हाय.” गावी काष्टीला वडिलांकडे तसा निरोपही गेला. सकाळी पाहुण्यांनी बेअरिंगच्या छेदचित्रावर बोट ठेवले. छेदात कापलेल्या धातूवर तिरप्या रेघा मारतात. मात्र आधाराची पातळ पट्टी, म्हणजे रिब, उभी कापली तरी कोरी ठेवतात. मी ती रेघांनी भरली होती. चूक माझी, निर्विवाद. परंतु आपल्या स्वाक्षरीने प्रमाणित! तरीही आपण लाल पेन्सिल उचलून शीटवर अशी फुली मारलीत, की ती थेट आपल्या सहीवरून गेली. वर गरजलात, “डोळं फुटलं का रं? रिब कोरी ठेवायची, किती येळा सांगितलं? मला दाखवायची तरी हुती!” दाखवायची तरी! जागा दुसऱ्याला मिळाली. मी सरकारी खात्यात आजन्म ट्रेसर, अर्थात इतरांनी काढलेल्या रेषा गिरवणारा राजमान्य सेवक, होऊन बसलो.

आता खात्याने संगणक आणले आहेत आणि अस्मादिक, अर्धपलित केशसंभारासह, सावेडीतल्या क्लासात कॅडचा, म्हणजे संगणकावरील आरेखनाचा, मधला टप्पा शिकत आहेत. येथे रेघा मारण्याचे कष्ट नाहीत. रिबची कड आखली नाही, तर आकृतीच्या पोटात माउस टिचकवला की यंत्र रिबसकट सर्व भरून टाकते. आमच्या मॅडम माझ्या कन्येच्या वयाच्या. परवा तशीच भरलेली आकृती पाहून त्या म्हणाल्या, “मस्त जमलं, काका!” तेवढ्यात क्लासचे मालक रोजच्या फेरीत मागे येऊन उभे राहिले. “काका, ही रिब कोरी नको का?” मी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, “सर, काकांना नका बोलू. मी तपासली होती, माझ्याच नजरेतून सुटलं.” मालक “बरं” म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

एवढेच वाक्य, सर! आभाळ कोसळले नाही, मॅडमची नोकरी गेली नाही. माझ्या अंगाची मात्र लाहीलाही झाली. आपण हयात असता, तर आपल्या टेबलावर टी-स्क्वेअरची लाकडी पट्टी आपटून हे वाक्य आपल्याकडून घोकून घेतले असते.

हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, तेव्हा आपल्याला सांगण्यास हरकत नसावी. मॅडमना अद्याप ठाऊक नाही. ती रिब मी मुद्दाम भरली होती.