लिंगाकडं बघायचे डोळे

सोलापूर, १९७६

चनमल्लप्पा भावजी,

तुमच्या दादांना समाधीच्या खड्ड्यात बसवून तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, नजर त्यावर राहावी म्हणून. विभूती लावताना त्यांच्या पापणीला माझं बोट लागलं आणि ती आतच गेली. तुमी लगेच माझा हात धरलात.

दवाखान्यात तुमीच त्यांचे डोळे दान दिलेत की! मी बायको दाराशी उभी होते, मग सही तुमची कशी? त्यांचीच इच्छा होती, का डॉक्टरसाहेबांपुढं न्हाई म्हणायला तुमची जीभ रेटली न्हाई?

सासूबाई म्हणतात, लेक लिंगाकडं बघत बसलाय. तुमच्या घरी पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, म्हणून हे पेटीत टाकत न्हाई.

मला विचारलं असतं तर व्हय म्हणाले असते. माझ्या वेळी तरी मी जित्ती असताना विचारा.

तुमची वहिनी,
दाक्षायणी