शिट्टी माह्यापाशीच राह्यली

पुणे, ९ एप्रिल

आईले पायलचा जय भीम.

मी बरी आहे. मेसच्या भाजीत साखर राहते, पण आता सवय झाली. तुही कंबर कशी आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून राह्यली. यंदा जयंतीले रोहिणखेडले येणं होत नाही.

पुढच्या कॉलेजच्या अर्जात विचारतात, अभ्यासाशिवाय बाहेरचं काय करता? मी लेझीम सांगितलं. इथल्या मॅडम म्हणे, प्रमाणपत्र लागते. सातवीपासून आपल्या मिरवणुकीत पोरींच्या पुढं मीच शिट्टी वाजवत आली, पण त्याचा कागद कोण देईन?

म्हणून एका संस्थेत नाव टाकलं. चौदा तारखेले त्यायच्यासंगं इकडच्या एका गावात चालली, पोरींले लेझीम शिकवाले. त्याचं प्रमाणपत्र भेटते. हो म्हणून बसली, अन् तवापासून अभ्यासातही मन नाही.

यंदा माह्या जागी आपल्या धाकट्या करुणाले पुढं उभी करजो. लहान आहे म्हणून पोरी हसतील, हसू देजो. शिट्टी माह्या बॅगेतच राह्यली. तिले सांगजो, टाळी वाजवून चाल बदल.

मिरवणूक आपल्या दारापुढं आली की फोन लावजो. बोलू नको, नुसता धरून ठेवजो.

तुही,
पायल