रेकॉर्डवरचं कुंकू

२४ सप्टें., शनि.
रस्ता पुन्हा बंद. मुलगा, नितीन, ऑफिसातून येताना दीड तास अडकला. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी अख्खं अल रय्यान लग्नघरासारखं रंगवून काढतायत. संध्याकाळी ब्रूनो आला, बगलेत रेकॉर्ड-प्लेअर. चार घरं सोडून राहतो, मुलगी स्टेडियमच्या कामावर. माझ्यासारखाच पोरांच्या मागे आलेला म्हातारा. इटली या वेळी स्पर्धेत नाही म्हणून तोंड पाडून होता. म्हटलं, भारत तरी कुठे आहे? आपण दोघंही मांडवाबाहेरचे. मांडव म्हणजे काय ते इंग्रजीत सांगता सांगता घामाघूम झालो.
मशीनचा पट्टा उन्हानं विरघळून काकवीसारखा झालाय. बघू.

२७ सप्टें., मंगळ.
इंडस्ट्रियल एरियात चार दुकानं पालथी घातली. शेवटी एका मलबारी दुकानदाराकडे रबराचा पट्टा मिळाला. थाळीला कागद चिकटवला आणि फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत शंभर भरायला हव्यात, भरल्या. कुठल्या शाळेत शिकलास, असं ब्रूनो विचारत होता. निफाडच्या भंगारात, म्हटलं.
मग तो बोलत बसला. विशीत असताना गावातल्या पाच पोरांनी बँड काढला, नावाचा अर्थ 'मिठाचं गोदाम'. एकच रेकॉर्ड निघाली, खपली नाही, कंपनी बुडाली, उरलेल्या प्रती वितळवल्या. मूळ टेपही गेल्या. हा ड्रम वाजवायचा, धाकटा भाऊ सांद्रो गायचा. रेकॉर्डिंगला सगळे चुकले, सांद्रो एकदाही नाही. शेवटचं गाणं एका दमात गायला, कुठे अडखळला नाही. दुसऱ्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला. टेपवर, फितीवर आवाज कुठेच नाही. याच्याकडे एवढी एक प्रत.

१ ऑक्टो., शनि.
ब्रूनोनं रेकॉर्ड आणून दिली. पुढची बाजू लावून मशीन तपास, म्हणाला. मागची बाजू नाही. ती दोघांनी मिळून ऐकायची, २७ तारखेला. २८ ला त्याचं विमान. भावाचं गाणं मागच्या बाजूला शेवटी आहे, पन्नास वर्षांत ऐकायची छाती झाली नाही. आता डावा कान खलास आणि उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणतात, महिने मोजा.
पुढची बाजू लावली. अजब प्रकार. ऑर्गन, बासरी, मधेच भांडी पडल्यासारखं. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, मिक्सर बिघडला का? पण ठेका धरला तर सात मात्रा, चक्क रूपक ताल. ब्रूनोला मांडीवर वाजवून दाखवला. तो हसला आणि मग डोळे पुसत बसला.

४ ऑक्टो., मंगळ. खंडेनवमी
चौरंगावर पाना, सोल्डरिंग, मीटर, नितीनचा लॅपटॉप मांडले. ब्रूनोचं मशीनही ठेवलं. मग वाटलं, रेकॉर्ड तरी का वगळा, ती त्याचं हत्यारच. भिंतीला टेकवून उभी केली. मागच्या बाजूच्या गोल कागदावर जहाजाचं चित्र आहे, छान दिसतं, म्हणून ती बाजू समोर. चित्राला कुंकवाचं ओलं बोट लावलं, झेंडू वाहिला. मन भरून आलं.

५ ऑक्टो., बुध. दसरा
सकाळी पूजा हलवायला गेलो. कुंकू ओघळून वाळलंय. कागदावरून खाली, दोन बोटं, बरोबर चकतीच्या आतल्या गाण्यावर. शेवटचं गाणं आतच असतं.
घाबरून ओल्या फडक्यानं पुसलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, रेकॉर्ड अशी चोळू नये. आणि मीच

७ ऑक्टो., शुक्र.
नातीचा, इराचा मऊ ब्रश घेतला, डिस्टिल्ड वॉटर आणलं. भिंगातून बघितलं तर रेघांत लाल कण रुतलेत. शब्द मोडून फक्त तेवढं गाणं लावलं. पोरसवदा आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मधेच सुई अडते आणि तेच ते दोन शब्द फिरत राहतात. उचलली.
इराला विचारलं, इंटरनेटवर मिळेल का. "आजोबा, everything is there," म्हणाली. तासभर शोधलं. नुसतं कव्हरचं चित्र, खाली कुणीतरी विचारलंय, ही कुणाकडे आहे का? उत्तर कुणाचंच नाही.

१३ ऑक्टो., गुरु.
ब्रूनो डोकावून गेला. मशीन झालं का? थोडं बाकी आहे, इन्शाल्ला, म्हटलं. तोही इन्शाल्ला म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं त्याला.
सौ. म्हणते, सांगून टाका. तुम्ही काही दुष्टपणानं नाही केलं. खरंय, पण त्यानं रेघा स्वच्छ होतात का?

२२ ऑक्टो., शनि.
आठ वेळा धुतली. आता हात लावायला भीती वाटते, धुण्यानंच जाईल उरलेलं. फराळाची चकली घेऊन त्याच्याकडे गेलो, सांगायचंच ठरवून. तो बॅग भरत होता. मुलीनं त्याच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं, वसंतअंकल आलेत. "वसांतो, गुरुवार," म्हणाला, बोट वर करून. चकली ठेवून परत आलो.

२७ ऑक्टो., गुरु.
चारला आला, इस्त्रीचा शर्ट घालून. कागदावरचा गुलाबी डाग त्यानं लगेच पाहिला. मी पूजेचं सांगितलं, ज्या हत्यारावर पोट भरतं त्याला कुंकू लावतो. म्हणाला, "हिनं आजवर कुणाचंच पोट भरलं नाही." एवढंच सांगितलं मी. ओघळाचं नाही.
उजवा कान स्पीकरला चिकटवून ऐकत होता. शेवटचं गाणं आलं. सुई अडली. तेच दोन शब्द, पुन्हा, पुन्हा. माझा हात उठेना. सात-आठ फेऱ्यांनी मी नखानं ढकलली, गाणं पुढे सरकलं, संपलं.
त्यानं कान स्पीकरवरून काढला. मग म्हणाला, "सांद्रो नेहमी तिथेच अडखळायचा."
रेकॉर्ड बगलेत घेऊन गेला.

आत्ता मागचं पान उलटून पाहिलं. २७ सप्टें., माझ्याच अक्षरात: कुठे अडखळला नाही.
पन्नास वर्षं, विसरला असेल. कानानं दगा दिला असेल. की डाग बघितला तेव्हाच त्याला सगळं कळलं?
सांगितलं तर त्यानं जे झाकलं ते मीच उघडं करणार. नाही सांगितलं तर माझी चूक त्या मेलेल्या पोराच्या नावावर राहणार.
उद्या आठला येतोय निरोप घ्यायला. सौ. चिवडा बांधतेय. मी दारापर्यंत जाईन, आणि