बावन्न मुद्दे आणि एक जेट

३ फेब्रुवारी
बाबांनी बांधलेलं जेट आज खोक्यातून काढलं. रिमोटवरचं, विजेचं, पोटात पंखा. बाबांचा हात आता थरथरतो, रिमोट धरवत नाही. म्हणाले, रविवारी उडवून दाखव, जेट तुझं. नाहीतर काकाला देतो. मला ते एकदा वर गेलेलं बघायचंय, कपाटावर नाही.
काकाला! जो बोट ओलं करून वारा बघतो आणि त्याला अनुभव म्हणतो.

४ फेब्रुवारी
तपासणीची यादी केली. बावन्न मुद्दे. काकाच्या यादीत दोनच असतील: पंख आहेत का, आणि चहा झाला का. मी शाळेत जायच्या आधी बाबांच्या टेबलावर सोल्डरिंग शिकले. काका तेव्हाही घाईतच असायचा.

६ फेब्रुवारी, सकाळी ७
तोल बघितला. पंखांखाली दोन बोटं, नाक किंचित खाली. बरोबर. नऊ वेळा बरोबर. नऊ अपुरं वाटलं, दहाव्यांदा केलं. आई म्हणाली, अगं, ते उडवायचं असतं ना? कडेवर घेऊन काय फिरतेस? आईला यातलं कळत नाही.

७ फेब्रुवारी
काका डोकावला. म्हणे, तपासायला जुनी बॅटरी लाव, उडायची वेगळी ठेव. चार मिनिटांचा तर जीव तिचा. हसू आलं. म्हणजे सराव एकाने करायचा आणि परीक्षेला दुसऱ्याने बसायचं! जी उडणार, तिच्यावरच तपासणी. मुद्दा एकोणीस, खाली दोन रेघा.
संकल्प: काकाशी वाद घालायचा नाही. उद्या आपोआप गप्प बसेल.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८.१०
मैदान. बाबांच्या विमान-क्लबचे सगळे हजर. बाबा खुर्चीत, टोपी घालून. बावन्न मुद्दे झाले. सत्ताविसाव्याबद्दल शंका आली, म्हणून पहिल्यापासून पुन्हा. दोन्ही वेळा पंखा जवळजवळ दोन मिनिटं पूर्ण वेगात. आवाज अप्रतिम. काका म्हणाला, अगं बाई, उडवतेस की मुलाखत घेतेस त्याची? दुर्लक्ष केलं.

८.५०
जेट धावलं. सरळ. मग हळू. मग धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं. बॅटरी संपली. क्लबमधले एक आजोबा म्हणाले, गाडी छान आहे.
 बाबांनी काकाकडे मान वळवली. काकाने स्वतःची बॅटरी लावली. मुद्दे: शून्य.
साडेतीन मिनिटं उडालं म्हणे. वळणंही घेतली म्हणे. बाबा खुर्चीतून उठून ओरडत होते, फिरव, फिरव, शाब्बास! मी वर पाहिलं नाही. यादीत कुठे चुकलं ते शोधत होते.

९ फेब्रुवारी
यादी पुन्हा तीनदा वाचली. एकही चूक नाही.
जेट काकाकडे गेलं. बाबाही गेलेत, बघायला.