पाणी सांगेपर्यंत

आये, आज मी चहा पिता पिता एक डोंगर सपाट केला. हसू नको. लेक नोकरीला मुंबईला गेली, तिचा कॉम्प्युटर इथे रत्नागिरीत माझ्याकडे राहिला आणि त्यात शेतीचा एक खेळ होता. जमिनीवर एक गोल फिरवायचा, बटण दाबायचं. उंचवटा खाली बसतो, खड्डा भरून येतो. टिकाव नाही, घमेलं नाही. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, "आनि माती कुठं गेली?" कुठेच नाही, आये. ती नुसती नाहीशी होते.

तुझी माती कधी नाहीशी झाली नाही. लांज्याच्या घरामागे जेमतेम नाचणीपुरता उतार. बाबा मुंबईला, आणि तुझ्या मनात आलं की इथे भाताचा कुणगा काढायचा, पाणी उभं राहील असं सपाट खाचर. लोकांकडचं भात झोडून झालं की तू पहार घेऊन निघतेस, मी मागे. आधी वरची काळी माती खरवडून फणसाखाली वेगळी रचतेस. "ही साय हाय. ही मागनं पसरायची." मग वरच्या अंगाची माती घमेल्याने खालच्या अंगाला, दगड कडेच्या गडग्याला, बांध रचायला. मध्येच कातळ लागला. पहार टणटणत परत यायची. तू घाम पुसलास आणि म्हणालीस, "त्याच्याशी कशाला भांडा? आपून वळू." कुणगा तिथे वळला.

आषाढात पऱ्ह्याचं, त्या पावसाळी ओढ्याचं, पाणी आत घ्यायच्या आधी मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, आता अगदी सपाट झालंय. "तुजं डोळं ऱ्हाऊदे. पानी काय सांगतंय ते बग." पाणी घोट्यापर्यंत चढलं, फक्त कातळाजवळ मातीची पाठ वर राहिली. तू चिखलात उतरून पायाने ती ओढलीस, दाबलीस. मग पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांच्या आया एवढं करतातच.

तो कुणगा आता रुंद केलेल्या रस्त्याखाली गेला. फोटो एकही नाही. कुणग्याचा फोटो कोण काढतो? मी विसरले की संपलाच तो, म्हणून खेळात पुन्हा काढायला घेतला. आधी मूळचा उतार रचला, आणि तो पुरा झाल्यावर बघतच राहिले. एवढा, आये? हा अख्खा उतार तू डोक्यावरून वाहिलास आणि संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापल्यास? आजवर मी देवळात हात जोडत आले, पण पडद्यासमोर आपसूक जोडले गेले ते पहिल्यांदाच. मग एका झटक्यात सगळं सपाट केलं, तर क्रिकेटचं मैदान दिसायला लागलं. मोडलं. पुन्हा उतार, पुन्हा थोडं थोडं, कातळ ठेवला, त्याच्या बाजूने वळले. आता तो आपला दिसतो.

कॉम्प्युटर म्हणतो, जमीन एका पातळीत आहे, पेरा. पण या खेळात शेतात पाणी उभं करता येत नाही. मी सगळं शोधून पाहिलं. हे तुला पोचायचं नाही, तरी सांगते. कुणगा तयार होऊन बरेच दिवस झाले, मी अजून त्यात काही पेरलेलं नाही. पाण्याने सांगितल्याशिवाय माझा हात होत नाही.