मागच्या पायाचं माप

मिलान, ६ फेब्रुवारी १९५२

ती. एर्सीलियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेली लेस पोचली. माझ्या कचेरीत काच आणि पोलाद, तिथे लेस शोभत नाही हे ठाऊक असून तू दरवर्षी मुद्दाम पाठवतेस. यंदाचीही कपाटात ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. परवा कामासाठी लिस्सोनेला गेलो होतो. तिथे एका दुकानाच्या काचेत मी आखलेली खुर्ची दिसली. आत जाऊन पाहिलं तर मागच्या पायावर कारखान्याचा शिक्काच नाही. खिशातल्या मोजपट्टीने पायाची जाडी मोजली. बावीस मिलिमीटर! माझ्या नकाशात अठरा आहे आणि कारखाना अठराच करतो. बावीसचा हट्ट जगात एकाच माणसाचा. पहिला नमुना बाबांनी आपल्या सुतारशाळेत केला तेव्हा या चार मिलिमीटरवरून आम्ही महिनाभर भांडलो होतो, ते तुला आठवत असेल. ते म्हणायचे, अठराचा पाय मोडेल. मी म्हणायचो, बावीसचा म्हशीसारखा दिसतो.

नव्या नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम मला मिळण्याच्या बेतात आहे. मार्चअखेरीस ठरेल. त्याआधी बाजारात नक्कल फिरतेय असं कळलं तर पंधरा वर्षांची मेहनत पाण्यात गेली. बाबा माझी खुर्ची कुणाला करून देतात का, जरा डोळे उघडे ठेवून बघ. त्यांच्याजवळ मात्र अवाक्षर काढू नकोस.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहो.

तुझा,
ओरेस्ते

---

कांतू, ११ फेब्रुवारी १९५२

चि. ओरेस्ते यास,
अनेक आशीर्वाद.

लेस कपाटात ठेवलीस, बरं केलंस. निदान त्या पोलादाला सर्दी तरी व्हायची नाही.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. गेल्या महिन्याच्या मासिकात तुझा फोटो पाहिला. खाली छापलं होतं की ही खुर्ची तुझ्या हातांतून उतरली. तुझ्या हातांतून! एकदा रंधा धरलास तर अंगठ्याला टाके पडले होते. बाबांचं नाव सबंध लेखात शोधलं, चष्मा पुसून पुन्हा शोधलं. बाबांनी मासिक पाहिलं, मिटलं आणि मक्याचा पोलेंटा निवतोय एवढंच म्हणाले.

पण खोटं कशाला बोलू, तुझ्या पत्रानंतर माझ्याही मनात पाल चुकचुकली आहे. महिन्यातून दोनतीनदा मोन्झाकडून गाडी येते. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवतात आणि बाबा ते मागच्या खोलीत नेऊन आतून कडी लावतात. विचारलं तर म्हणतात, तू तुझ्या लेसच्या कांड्या मोज. आणि ती फळी. खऱ्या मापाचं चित्र फळीवर काढायचं आणि काम संपलं की रंधा मारून फळी कोरी करायची, ही आपल्याकडची रीत. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फळ्या कोऱ्या झाल्या, तुझ्या खुर्चीची तेवढी बाबांनी आईच्या तसबिरीशेजारी टांगून ठेवली. ती हल्ली गाडी आली की खिळ्यावरून गायब होते आणि संध्याकाळी परत येते.

बाबांचे तुला आशीर्वाद. प्रकृती सांभाळ, माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

---

मिलान, १५ फेब्रुवारी १९५२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आणखी काय पुरावा हवा? मोन्झाची गाडी, आतली कडी, फळी. बाबा कुणाला तरी माझी खुर्ची करून देताहेत. मासिकाचा राग असेल तर तोंडावर बोलायचं होतं, पाठीत सुरा कशाला?

माझ्या वकिलाचं म्हणणं पडलं की आधी नोटीस द्यावी. तीत मुलगा-बाप काही येणार नाही, फक्त कारखानदार आणि सुतारशाळा. तू मध्ये पडून मऊ होऊ नकोस. एकोणीस मार्चला, सुतारांच्या संताच्या, सान जुझेप्पेच्या सणाला, घरी जेवायला येणार होतो. आता त्या टेबलाशी कोणत्या तोंडाने बसू? बाबांनी वाढलेलं घशाखाली उतरेल का?

तू तरी अंतर देऊ नकोस.

ओरेस्ते

---

कांतू, २४ फेब्रुवारी १९५२

चि. ओरेस्ते यास,
आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

काल दोरा आणते असं सांगून मी बसने लिस्सोनेला गेले. ते दुकान जुन्या सामानाचं आहे, हे तुझ्या नजरेतून बरं सुटलं! दुकानदाराला म्हटलं, खुर्ची घेईन, पण आधी उलटी करून बघेन. लहानपणी बाबा कानीकपाळी ओरडायचे की खुर्ची आधी उलटी करावी, मग तिच्याबद्दल तोंड उघडावं. तू केली होतीस का उलटी? बैठकीच्या खाली तुझ्या कारखान्याचा नंबर आहे. ती नक्कल नाही रे, तुझीच खुर्ची आहे. शिक्का मागच्या पायावर असतो आणि मागचे दोन्ही पाय बदललेले आहेत.

दुकानदाराने सगळं सांगितलं. खुर्ची मोन्झाच्या एका दातांच्या डॉक्टरची. एक जाडजूड बाई टेकून बसली आणि मागचा पाय चिरला. डॉक्टरने कारखान्याला दोन पत्रं घातली, उत्तर नाही. शेवटी कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी नवे पाय बसवून दिले, आणि डॉक्टरचं ऐकून मोन्झाचे बाकीचेही आपल्या मोडक्या खुर्च्या बाबांकडे धाडू लागले. पुढे डॉक्टरने दवाखाना बंद केला आणि सामान विकलं.

घरी येऊन मी सरळ मागच्या खोलीचं दार वाजवलं. बाबांनी बराच वेळ लावला, पण उघडलं. आत तुझ्या अकरा खुर्च्या, सगळ्या उलट्या. सगळ्यांचा पाय एकाच जागी चिरलेला. फळीवरून माप घेऊन बाबा एकेकीला बावीसचे पाय बसवताहेत, एक पैसा न घेता. अट एकच, मिलानमध्ये कुणी बोलायचं नाही. पोराचं नाव आत्ता कुठे होतंय, असं म्हणाले. मग मीही तुझं पत्र आणि नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम त्यांना सांगून टाकलं. मला रडू आलं, आणि खरं सांगते, तुझ्याइतकीच माझीही लाज वाटली.

नोटीस धाडू नकोस. या पत्राच्या उत्तरी तेवढंच कळव.

ताई

---

मिलान, २७ फेब्रुवारी १९५२

ताई,

नोटीस तेवीस तारखेलाच गेली. काहीही कर, पोस्टमनच्या पाया पड, पण ती बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

मी खुर्ची उलटी केली नाही. अंगात नवा कोट होता, दुकानदाराने ओळखलं होतं, त्याच्यापुढे गुडघे टेकून बैठकीखाली बघायची लाज वाटली. एवढंच कारण, दुसरं नाही. मोडलेल्या पायाबद्दलची ती दोन पत्रं कारखान्याने माझ्याकडे पाठवली होती. बसणाऱ्याची चूक म्हणून मी ती बाजूला सारली.

सणाला येतो. बाबांना सांग, ती फळी मला हवी आहे. मिलानच्या प्रदर्शनात खुर्चीशेजारी लावीन, त्यांच्या नावासकट.

ओरेस्ते

---

कांतू, २ मार्च १९५२

चि. ओरेस्ते यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधी नोटीस आली. मी बाजारात होते. सही बाबांनीच केली.

पोस्टमनने सांगितलं, त्यांनी ती दारातच दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. मग खिळ्यावरून फळी काढली, बाकावर ठेवली आणि रंधा मारला. मी परतले तोवर फळी कोरी झाली होती. मी ओरडले तर शांतपणे म्हणाले की गिऱ्हाइकाचं काम संपलं, फळी साफ करायची रीत आहे. पंधरा वर्षांत तुला त्यांनी गिऱ्हाईक म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. प्रदर्शनाचं आता तूच बघ, माझ्याकडे लावायला काही नाही.

आज सकाळी मोन्झाहून आणखी एक खुर्ची आली. मला वाटलं परत पाठवतील. त्यांनी ती उलटी केली, तुझा नंबर पाहिला आणि मागचे पाय सोडवायला बसले. माप कुठून घेणार, असं मी विचारलं नाही.

सणाला ये. टेबलाशी तुझी जागा मांडणार आहे. ते बोलतील का, हे मला सांगता येत नाही.

एरवी पत्राखाली त्यांचे आशीर्वाद मी न विचारता लिहिते. आज धीर होईना म्हणून विचारलं, पत्र संपवतेय, तुमचे आशीर्वाद लिहू का. त्यांनी मान वर केली नाही. तीनशे खुर्च्या करायच्यात ना त्याला, म्हणाले, बावीस लिही.

म्हणून लिहिते. बावीस.

तुझी ताई,
एर्सीलिया